मिनामाताचे शिंपले आणि आमचा किनारा

ओहोटी लागली की कुणकेश्वरच्या खडकांवरून कालवे काढणे, खाडीच्या वाळूत मुळे-तिसऱ्या चाचपणे, हा कोकणातल्या गरीब घरचा जुना आधार. त्याला होडी लागत नाही, जाळे लागत नाही. म्हणून शिंपल्यांत विष शिरले तर ते प्रथम कोणाच्या ताटात जाते, हे निराळे सांगावयास नको.

मासा दूर पळू शकतो. कालव जन्मभर खडकाला चिकटलेले. ते पाणी आत घेते, गाळते आणि त्यातले अन्न ठेवते. पाण्यात शिसे, कॅडमियम वा पारा असेल तर तोही अंगात साठवते. शिजवल्याने जंतू मरतात, धातू मरत नाही. चवीवरून तो कळतही नाही.

याचा सर्वांत दारुण इतिहास जपानातल्या मिनामाता गावी घडला. तेथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यात 1932 पासून ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले. त्या क्रियेत पारा वापरीत. सांडपाण्याबरोबर सेंद्रिय पारा उपसागरात गेला, मासे-शिंपल्यांत शिरला आणि कोळ्यांच्या घरी पोहोचला. प्रथम मांजरे वेड्यासारखी नाचून मेली. मग मुलांचे हातपाय लुळे पडले, वाचा गेली. 1 मे 1956 रोजी कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांच्याकडून या अज्ञात रोगाची वर्दी सरकारदप्तरी गेली. जगभर कामगारदिन साजरा होत होता, तोच तो दिवस.

1959 साली कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी होसोकावांनी सांडपाणी घातलेले अन्न मांजराला दिले. तेही आजारी पडले. कंपनीने ही गोष्ट दडपली आणि वर्षअखेर रोग्यांशी करार केला : थोडी सांत्वनाची रक्कम घ्या, पुढे मागणी करू नका. उत्पादन थांबले 1968 साली. 1973 मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले आणि तो करारही रद्दबातल ठरविला.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना यातले एक पान अधिक बोलके वाटते. गावाची रोजीरोटी कारखान्यावर. म्हणून रोग्यांची बाजू घेणारा गावाचा वैरी ठरे. 1962 च्या वेतनलढ्यात युनियन फुटली. मालकापुढे न नमलेल्या युनियनने ऑगस्ट 1968 मध्ये ठराव केला : या रोगाविरुद्ध आपण लढलो नाही, ही माणूस म्हणून आणि कामगार म्हणून आपल्याला लाज आहे. पगारासाठी झुंजणाऱ्यांनी फाटकाबाहेर वाहणाऱ्या पाण्याचाही हिशेब मागितला पाहिजे, हे त्यांना कळले; पण बारा वर्षांनी.

कुणकेश्वर म्हणजे मिनामाता नव्हे, आणि उगीच भीती पसरविणे आम्हांला मान्य नाही. तरी आपलाच किनारा पाहा. उल्हास नदीच्या मुखाशी आणि ठाण्याच्या खाडीत गाळामध्ये कारखान्यांतून आलेला पारा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदविला आहे. दाभोळच्या खाडीत लोटे-परशुरामच्या सांडपाण्याविरुद्ध कोळी बांधवांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. त्या रासायनिक पट्ट्यांत राबणारा कोण? पुष्कळदा कोकणचाच मुलगा. त्याचा भाऊ खाडीवर पोट भरतो. या दोघांना एकमेकांसमोर उभे करणे, यातच गैरकारभाराची सोय आहे.

पाऱ्यावर नियंत्रण आणणारा आंतरराष्ट्रीय करार 2013 साली झाला, त्याला मिनामाताचेच नाव आहे. भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. पण कागदावरचा करार खाडीचे पाणी तपासत नाही. खाडीखाडीतले शिंपले ठराविक काळाने तपासावेत, निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, आणि सांडपाण्याची नोंद पाहण्याचा हक्क युनियनलाही असावा, एवढी मागणी कामगार आणि कोळी यांनी मिळून करावी. दोन आवाज वेगळे असले की दाबता येतात. एक झाले की ऐकावे लागतात.