तक्त्यातली दीर्घिका

दोन दीर्घिका एकमेकींच्या जवळून गेल्या तर काय होईल? हा प्रयोग करून बघता येत नाही, कारण त्याला कोट्यवधी वर्षं लागतात. तरीही १९४१ साली स्वीडनमधल्या एरिक होल्मबर्ग यांनी तो विजेच्या दिव्यांनी मांडला. एकेका दीर्घिकेसाठी ३७ असे ७४ दिवे! अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण एक चतुर्थांश होतं. प्रकाशाची तीव्रताही तशीच घटते. म्हणून दिव्याच्या जागी प्रकाशविद्युत घट ठेवायचा, कोणत्या बाजूनं किती प्रकाश येतो ते मोजायचं, त्यावरून त्या 'ताऱ्या'वरची ओढ काढायची आणि दिवे थोडे सरकवायचे. दिव्यांची मांडणी हेच इथे चित्र होतं.

पुढे हे काम संगणकाकडे आलं. पण संगणकातून मिळतात ते आकडे. प्रत्येक ताऱ्याचं स्थान सांगायला तीन आकडे लागतात. असा तक्ता कितीही न्याहाळला तरी त्यात दीर्घिका दिसत नाही. त्यासाठी आधी आरंभबिंदू ठरवायचा, मग बघण्याची दिशा ठरवून सगळे बिंदू त्याप्रमाणे फिरवायचे, आणि त्या दिशेतलं अंतर सोडून उरलेले दोन आकडे कागदावर मांडायचे.

१९७२ साली अलार आणि युरी टूमरे या भावांनी हेच केलं. 'अँटेना' नावाच्या दीर्घिकांच्या जोडीला दोन लांब, बारीक शेपट्या आहेत. नुसत्या गुरुत्वाकर्षणानं अशा शेपट्या तयार होतील, हे अनेकांना पटत नव्हतं. टूमरे बंधूंच्या गणितातून शेपट्या निघाल्या. योग्य बाजूनं पाहिल्यावर त्या छायाचित्रातल्यासारख्या एकमेकींना छेदतानाही दिसल्या.

हवं ते दिसेपर्यंत चित्र फिरवायचं, ही फसवणूक नव्हे का? नाही. फिरवल्यानं ताऱ्यांमधली अंतरं बदलत नाहीत, आणि आकाश तरी आपल्याला एकाच बाजूनं दिसतं. शिवाय सोडलेल्या दिशेतला वेग वर्णपटावरून मोजून गणिताशी ताडून पाहता येतो.

वर्गात एक बांगडी उन्हात धरून फिरवून पाहा. सावली कधी वर्तुळ, कधी लंबवर्तुळ, तर कधी नुसती रेघ. बांगडी मात्र तीच! म्हणून कोणतंही चित्र पाहताना आपण विचारायला हवं: हे कुठून पाहिलं आहे?