पेव, बळद आणि ओल

पूर ओसरला की त्याची बातमी संपते. घरातली ओल मात्र तिथून पुढे सुरू होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या आत्याच्या जुन्या घरात छातीभर पाणी होतं. पाणी गेल्यावर भिंती धुतल्या, गाळ काढला, कपाटं उन्हात टाकली. राहिलं ते माजघराखालचं बळद.

बळद म्हणजे जोत्याखालची साठवणीची जागा. आमचं जेमतेम चार फूट उंच, वाकूनच जावं लागतं. वर लाकडी तुळया, खाली माती. पूर्वी तिथे धान्य असायचं, नंतर अडगळ. त्याला दोन झरोके होते. एक उत्तरेकडच्या बोळात, दुसरा दक्षिणेला परसात. परसातला कुणीतरी घर रंगवताना सिमेंटने बुजवून टाकला होता, उंदीर येतात म्हणून. (जुन्या घरांची निम्मी दुखणी अशी 'सुधारणा' करूनच आलेली असतात, असं माझं मत आहे. असो.)

तर आम्ही शहाण्यासारखा एक मोठा पंखा भाड्याने आणला आणि आठवडाभर बळदात वारा सोडला. आठव्या दिवशी बघतो तर भिंती आधीपेक्षा ओल्या! तुळयांवर पांढरी बुरशी, कापूस पिंजून लावल्यासारखी. मी चक्रावलो. आत्या दारात बसून बघत होती. म्हणाली, "अरे, पावसाळ्यात पेवाचं तोंड कुणी उघडतं का?"

आजोबा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यामुळे आत्याचं लहानपण पेवांच्या गोष्टींत गेलेलं. आता हे पेव प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते पाहिलेली माणसं कमी होत चालली आहेत.

सांगलीपासून तीन-चार किलोमीटरवर, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे हरिपूर आहे. संगमेश्वराचं देऊळ आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मगाव म्हणून लोकांना ठाऊक असतं. व्यापाऱ्यांना ते ठाऊक होतं पेवांसाठी. इथली माती चिकट आणि घट्ट, पाणी सहज झिरपू न देणारी. तीत खोल खड्डे खणायचे, तोंड माणूस उतरेल एवढंच अरुंद आणि पोट रांजणासारखं रुंद. आतून शेणाने सारवायचं, उसाच्या पाल्याचं अस्तर द्यायचं आणि हळद भरायची. मग तोंड बंद करून वर माती लिंपायची. अशी शेकडो पेवं या एका गावाच्या पोटात होती. माल जमिनीखाली, आणि वर नमुना दाखवून सौदे. सांगलीत हळदीच्या वायद्यांसाठी स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज उभं राहिलं. त्या सगळ्या उलाढालीला आधार काय, तर मातीतला एक खड्डा आणि त्यातला माल खराब होणार नाही हा भरवसा.

हा भरवसा कशावर होता? पेव हळद वाळवत नाही, हे आधी लक्षात घ्या. वाळवण्याचं काम वरच संपलेलं असतं. हळकुंडं काहिलीत शिजवायची, मग दहा-पंधरा दिवस उन्हात पसरायची, इतकी की मोडली तर खट्कन वाजली पाहिजेत. कोरडेपणा आधी कमवायचा आणि मग तो कोंडून ठेवायचा. बंद पेवात हळद, किडे, जंतू मिळून प्राणवायू संपवतात, कर्बवायू साठतो, आणि मग किड्यांचंच काही चालत नाही. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. रंग खुलतो आणि वजनही थोडं वाढतं, असं व्यापारी सांगत.

हाच वायू माणसाचा जीवही घेऊ शकतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. काही तास तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं, जळत राहिला तर माणूस उतरणार. मीटर नव्हते, तरी हिशेब बरोबर होता.

ही युक्ती फक्त आपलीच नव्हे. इंग्लंडमधल्या लोहयुगीन वस्त्यांतही असे धान्याचे खड्डे सापडतात. १९७० च्या दशकात पीटर रेनॉल्ड्स यांनी बटसर इथल्या प्रायोगिक शेतावर तसे खड्डे खणून धान्य ठेवून पाहिलं. कडेचं थोडं धान्य मोड येऊन खराब होतं, पण तेच आतला प्राणवायू संपवतं आणि बाकीचं टिकतं. तोंड नीट बंद असेल तर.

मराठीत एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला की आपण 'पेव फुटलं' म्हणतो. हरिपुरात पेवं खरोखर फुटली ती २००५ च्या महापुरात. पाणी वरून शिरलं, मातीच्या भिंती ढासळल्या, हळदीची हजारो पोती कुजली. त्यानंतर व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोवर पेवांचा काळ सरला होता.

आता आमच्या पंख्याकडे येऊ. आत्याच्या त्या एका वाक्यानंतर मी वही घेऊन बसलो. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा साधारण २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही गोष्टीला टेकली की तिथे दव धरणार. ऑगस्टमध्ये जमिनीखालची भिंत तेवढी गार असतेच. म्हणजे आम्ही आठवडाभर, भाडं मोजून, बाहेरचं पाणी बळदात नेऊन ओतत होतो.

दरम्यान काकांनी मिस्त्री बोलावला होता. दोघांचं एकमत: "भर टाकून बुजवून टाका, वर फरशी. कटकट मिटली." खर्चही कमी. पण ओली जागा बुजवली तर ओल जाणार कुठे? भिंतींत चढणार, आणि तुळया तर आधीच भिजलेल्या. आत्या काकांना एवढंच म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांब. मग काय करायचं ते कर."

मार्ग दाखवला तासगावकडच्या मामांनी. त्यांची बेदाण्याची शेड आहे. तारेच्या जाळीचे मजले, वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या. द्राक्षं सावलीत, फक्त वाऱ्यावर सुकतात. मामा बळदात वाकून शिरले (आधी आत्याने दिवा सोडायला लावला, तो जळत राहिला), बाहेर आले आणि म्हणाले, "वारा आत ढकलू नका. वरनं वडून काढा. आणि हवा कोरडी झाल्याबिगर हात लावू नका."

त्या वर्षी हवा कोरडी व्हायचं नावच घेईना. ऑक्टोबर संपेपर्यंत अवकाळी पाऊस पडत होता. दिवाळीही ओलीच गेली. काकांनी मुदत आणखी महिनाभर वाढवली, ते काही न बोलता.

नोव्हेंबरात आकाश मोकळं झालं तेव्हा परसातला झरोका फोडून उघडला. त्यात पत्र्याचा सहा इंची पाइप बसवला, दहा फूट उंच, बाहेरून काळा रंगवलेला, वर टोपी. दक्षिणेकडे असल्याने दिवसभर ऊन. पाइप तापला की आतली हवा वर चढते आणि तिच्या जागी बोळातल्या झरोक्यातून कोरडी हवा आत येते. त्या झरोक्याला उंदरांसाठी जाळी मारली. भिंतींचा फुगलेला गिलावा खरवडून काढला. सकाळी अकराच्या सुमाराला झरोका उघडायचा, दिवेलागणीला बंद, नाहीतर नदीकडचं धुकं आत यायचं.

ओढ फार नव्हती, फुंकर म्हणावी इतकीच. बोळातल्या झरोक्यापाशी उदबत्ती धरली की धूर आत वळायचा, त्यावरून कळायचं. आत एका बशीत खडेमीठ ठेवलं होतं. पहिले काही आठवडे त्याला रोज पाणी सुटायचं. संक्रांतीला वास कमी झाला. शिमग्यापर्यंत मीठ कोरडं राहू लागलं. दोन तुळया गेलेल्याच होत्या, त्या बदलाव्या लागल्या. बाकीच्या वाचल्या.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. बळद पुन्हा भरलं, पाइप मात्र उभा राहिला. या वेळी पंखा कुणी आणला नाही. गाळ काढून दोन्ही झरोक्यांना गोणपाट कोंबलं आणि पाऊस जायची वाट बघत बसलो. नोव्हेंबरात काका स्वतःच शिडी लावून पाइपाला काळा रंग देत होते.