चाचणीचे गुण भरून झाले, पुढे काय? निकालावरून शाळा सुधारण्याचा आराखडा कसा करतात?

महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून तीनदा चाचणी होते. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, पहिल्या सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन एक आणि वर्षाअखेरीस संकलित मूल्यमापन दोन. शिक्षक पेपर तपासतात, प्रत्येक मुलाचे गुण ऑनलाइन भरतात आणि ही माहिती राज्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे जाते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातही हेच चालतं. उल्हासनगरला महानगरपालिका आहे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगरपरिषद आहे, तर भोवतालच्या गावांमधल्या सरकारी शाळा ठाणे जिल्हा परिषदेच्या आहेत. कारभार वेगवेगळा असला तरी चाचणी एकच.

गुण वर गेले, तक्ते तयार झाले. पण ज्या मुलाला वजाबाकी येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी वर्गात काही बदललं का? चाचणीचा उपयोग झाला की नाही, हे या एका प्रश्नावरून कळतं.

कोणती चाचणी कशासाठी?

शाळांबद्दलच्या बातम्यांमध्ये बरेच आकडे एकत्र येतात. पण प्रत्येक चाचणीचं काम वेगळं आहे.

- नियतकालिक मूल्यांकन चाचणी: शिक्षक हिला 'पॅट' म्हणतात. 'स्टार्स' प्रकल्पांतर्गत 2023-24 पासून ही चाचणी सुरू झाली. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे विषय असतात. वर सांगितलेल्या तिन्ही चाचण्या याच मालिकेतल्या. प्रत्येक मुलाची उत्तरपत्रिका शिक्षकाच्या हातात असते, म्हणून शाळेच्या नियोजनाला सगळ्यात उपयोगी हीच.

- परख राष्ट्रीय सर्वेक्षण: 4 डिसेंबर 2024 ला देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची पाहणी झाली. यात निवडक शाळा असतात आणि चित्र जिल्ह्याचं मिळतं, एकेका शाळेचं नाही. ठाणे जिल्ह्यात उल्हासनगर येतं, तसं ठाणे शहर येतं आणि मुरबाड, शहापूरही येतात. त्यामुळे जिल्ह्याच्या आकड्यावरून उल्हासनगरच्या एखाद्या शाळेबद्दल काहीच ठरवता येत नाही.

- 'असर' अहवाल: 'प्रथम' संस्था 2005 पासून हा अहवाल काढते. घरोघरी जाऊन मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचता येते का, हे पाहिलं जातं. पण ही पाहणी ग्रामीण भागापुरती आहे. उल्हासनगरसारखं शहर त्यात येत नाही.

- पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा: महाराष्ट्रात 2023-24 पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही मूल नापास झालं तर ते त्याच वर्गात राहू शकतं. म्हणजे तिसरी-चौथीत राहिलेली उणीव वेळेवर भरली नाही, तर पाचवीत तिची किंमत मुलाला मोजावी लागते.

सरासरी का फसवते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौथीच्या दोन तुकड्या आहेत, प्रत्येकी 30 मुलांच्या. गणिताची चाचणी 20 गुणांची. दोन्ही तुकड्यांची सरासरी 10 आली.

अ तुकडीत जवळपास सगळ्या मुलांना 9 ते 11 गुण आहेत. ब तुकडीत 15 मुलांना 16 गुण आहेत आणि उरलेल्या 15 मुलांना फक्त 4.

कागदावर दोन्ही तुकड्या सारख्याच दिसतात, पण उपाय अगदी वेगळे लागतात. अ तुकडीत संपूर्ण वर्गाला काही घटक पुन्हा शिकवावे लागतील. ब तुकडीत तसं केलं तर अर्धी मुलं कंटाळतील. तिथे मागे राहिलेल्या 15 मुलांना रोज वेगळा वेळ द्यावा लागेल. सरासरी पाहून दोन्ही शिक्षकांना 'गणितावर भर द्या' अशी एकच सूचना गेली, तर ती दोघांच्याही कामाची नाही.

मग निकाल वाचायचा कसा?

एकूण गुण बाजूला ठेवून एकेक प्रश्न पाहायचा. आडव्या ओळीत मुलांची नावं, उभ्या रकान्यांत प्रश्न, आणि उत्तर बरोबर की चूक याची खूण. यासाठी संगणक लागत नाही, वहीचं पान पुरतं.

समजा, 30 मुलांच्या वर्गात असं दिसलं: बिनहातच्याची वजाबाकी 26 मुलांना आली, हातच्याची 11 मुलांना आली आणि वजाबाकीचं शाब्दिक उदाहरण फक्त 6 मुलांना आलं. आता 'गणित कच्चं' या मोघम शेऱ्याच्या जागी तीन नेमक्या गोष्टी हातात आल्या.

पुढची पायरी म्हणजे चूक कशी झाली ते पाहणं. 52 मधून 27 वजा करताना बऱ्याच मुलांनी 35 लिहिलं असेल, तर ती मुलं मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहेत: 7 मधून 2 आणि 5 मधून 2. त्यांना पाढ्यांचा सराव देऊन उपयोग नाही. दशक सुटा करणं त्यांना समजलेलं नाही. काड्यांचे गठ्ठे किंवा नोटा-नाणी घेऊन ते पुन्हा शिकवावं लागेल.

शाब्दिक उदाहरणाचं कारण आणखी वेगळं असू शकतं. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं आणि आज तिथे सिंधी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषा बोलल्या जातात. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असेल, तर आकडे मांडून दिल्यावर अचूक वजाबाकी करणारं मूल 'किती उरले' आणि 'कितीने जास्त' या शब्दांपाशी अडतं. शिक्षकाने तेच उदाहरण तोंडी, मुलाच्या घरच्या भाषेत विचारून पाहिलं तर लगेच कळतं की अडचण गणिताची आहे की भाषेची. भाषेची असेल तर आराखडाही भाषेचाच हवा.

गुणांशेजारी हजेरी का हवी?

अंबरनाथ तालुक्यातल्या गावांमध्ये आणि पाड्यांवर आदिवासी कुटुंबं राहतात. ठाणे जिल्ह्यातली बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाळ्याआधी परततात. अशा मुलाचे वर्षाअखेरचे गुण पायाभूत चाचणीपेक्षा कमी आले, तर तो शिकवण्याचा दोष म्हणायचा की चार-पाच महिने शाळा सुटल्याचा परिणाम? गुणांशेजारी हजेरीचा रकाना असेल तरच हे दिसतं. मग आराखड्यात जादा तासाआधी मुलाचं शिक्षण हमी कार्ड, कामाच्या ठिकाणच्या जवळची शाळा आणि परतल्यावरची उजळणी या गोष्टी येतात.

बदलापुरात वेगळीच अडचण आहे. 2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे 98 हजार होती, ती 2011 मध्ये 1 लाख 74 हजारांवर गेली. त्याच दहा वर्षांत उल्हासनगर 4 लाख 74 हजारांवरून 5 लाख 6 हजारांपर्यंतच वाढलं. इतक्या वेगाने वाढणाऱ्या शहरात दरवर्षी नवी कुटुंबं येतात आणि वर्गात नवी मुलं दाखल होतात. गेल्या वर्षीच्या चौथीची यंदाच्या चौथीशी तुलना केली, तर वेगळ्याच मुलांची तुलना होते. शाळा सुधारली की घसरली, हे पाहायचं तर त्याच मुलांची पायाभूत चाचणी आणि त्यांचंच संकलित मूल्यमापन शेजारी ठेवावं लागतं.

आराखडा करायचा कोणी?

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार सरकारी शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा तयार करणं हे याच समितीचं काम. आराखडा तीन वर्षांचा, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा. अनुदानित शाळांमध्ये समितीची भूमिका सल्ल्यापुरती असते. विनाअनुदानित खासगी शाळांना ही तरतूद लागू नाही.

आराखडा म्हटलं की वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, भिंतींचा रंग हेच आधी डोळ्यासमोर येतं. तेही लागतंच. पण शिकण्याबद्दल 'गुणवत्ता वाढवणे' एवढी एक ओळ लिहून भागत नाही. उपयोगी ओळीत चार गोष्टी असतात:

1. काय येत नाही? उदाहरणार्थ, चौथीतल्या 19 मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही.
2. काय करणार? रोज पहिला पाऊण तास या मुलांचा वेगळा गट, साहित्य घेऊन सराव.
3. कोण करणार आणि कधीपर्यंत? वर्गशिक्षक, सहा आठवडे.
4. झालं हे कसं कळणार? सहा आठवड्यांनी त्याच प्रकारची पाच उदाहरणं, प्रत्येक मुलाकडून.

शेवटची ओळ सुटली की आराखडा फाइलमध्ये जातो.

हे खरंच चालतं का?

भारतात यावर चांगलं संशोधन झालं आहे, आणि त्याची उत्तरं सावध करणारी आहेत.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग केला. शिक्षकांना मुलांच्या चाचणीचा सविस्तर अहवाल दिला आणि तो कसा वापरायचा हेही लिहून दिलं. कोणी पाहायला गेलं तेव्हा शिक्षक वर्गात जास्त सक्रिय दिसले. पण वर्षाअखेरीस त्यांच्या मुलांचे गुण इतर शाळांपेक्षा वाढलेले नव्हते.

मध्य प्रदेशातल्या 'शाला सिद्धी' कार्यक्रमात शाळांचं मूल्यांकन करून सुधारणा आराखडे तयार करून घेतले गेले. मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांच्या अभ्यासात दिसलं की मूल्यांकन झालं, आराखडेही लिहिले गेले, पण शिकवण्याची पद्धत आणि मुलांचं शिकणं जिथल्या तिथे राहिलं.

याउलट उदाहरण मुंबईचं आहे. 2001 ते 2003 दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिका शाळांमध्ये 'प्रथम'चा बालसखी कार्यक्रम अभ्यासला गेला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं ओळखून, 15-20 जणांच्या गटात, वस्तीतलीच एक तरुणी त्यांना रोज सुमारे दोन तास वाचन आणि गणिताच्या मूलभूत गोष्टी शिकवायची. या शाळांतल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि सर्वांत जास्त फायदा मागे असलेल्या मुलांना झाला. हा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

फरक कुठे पडला? आंध्र आणि मध्य प्रदेशात माहिती आणि कागद मिळाले. मुंबईत मुलाला रोजचा वेळ आणि शिकवणारं माणूस मिळालं. निकालाने फक्त कोणत्या मुलाला काय हवं ते दाखवलं.

गुणांचा धाक बसला तर?

निकालावरून शाळांची क्रमवारी लावली किंवा कमी गुणांबद्दल शिक्षकाला नोटीस दिली, तर पुढच्या वेळी गुण वाढतात, पण मुलाचं शिकणं वाढेलच असं नाही. अभिजीत सिंग यांनी मध्य प्रदेशात सरकारी चाचणी दिलेल्या मुलांना त्यातलेच काही प्रश्न स्वतंत्रपणे पुन्हा दिले. कामगिरी सरकारी नोंदीपेक्षा बरीच खाली आली.

फुगवलेल्या गुणांचा फटका सगळ्यात आधी मागे राहिलेल्या मुलाला बसतो. कागदावर त्याला सगळं येत असतं, त्यामुळे मदतीच्या यादीत त्याचं नाव कधी येतच नाही. म्हणून पायाभूत चाचणीत कमी गुण दिसले तर ते लपवण्यासारखं काही नाही. डॉक्टरने ताप मोजला आणि तो जास्त निघाला, तर थर्मामीटरवर कोणी चिडत नाही.

पालक काय विचारू शकतात?

तुमचं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर पालकसभेत किंवा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांमार्फत हे पाच प्रश्न विचारता येतात:

- पायाभूत चाचणीत आमच्या वर्गातल्या सर्वांत जास्त मुलांचे कोणते प्रश्न चुकले?
- माझ्या मुलाला नेमकं काय येतं आणि काय येत नाही?
- मागे राहिलेल्या मुलांसाठी रोज किती वेळ ठेवला आहे आणि तो वेळ कोण देतं?
- त्या मुलांना पुन्हा कधी तपासणार?
- हे शाळा विकास आराखड्यात लिहिलं आहे का?

'किती टक्के मिळाले?' हा प्रश्न या यादीत नाही. टक्के प्रगतिपुस्तकात दिसतातच. वर्गात काय बदलणार, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि तो बदल पायाभूत चाचणीनंतरच्या काही आठवड्यांत सुरू झाला, तर वर्ष संपायच्या आत मुलाला त्याचा फायदा होतो.