कुस्तीतील पंचनिर्णय व प्रादेशिक चुरस

कुस्तीच्या लढतीत पंचांनी दिलेला निर्णय आणि त्यावरून गावे, जिल्हे किंवा प्रांत यांच्या पाठीराख्यांत उद्‌भवणारा वाद हा महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनातील एक जुना विषय होय. तालीम, वस्ताद आणि गाव या तिन्हींचा लौकिक मल्लाच्या हारजितीशी निगडित असल्यामुळे या वादाला वैयक्तिक स्पर्धेपेक्षा अधिक तीव्रता येते. कोल्हापूर परिसरात ही चुरस विशेष प्रखर आढळते.

जुन्या निकाली कुस्तीत पंचाचे काम तुलनेने सोपे होते. प्रतिस्पर्ध्यास चितपट करणे, म्हणजे त्याची पाठ मातीला टेकविणे, हाच विजयाचा एकमेव निकष असे. वेळेचे बंधन नसे. तुल्यबळ मल्ल दीर्घकाळ झुंजत राहिल्यास कुस्ती बरोबरीत सोडवीत. पंच सामान्यतः वयोवृद्ध वस्ताद किंवा नामांकित माजी मल्ल असत व त्यांच्या शब्दाला वजन असे. तरीही तंटे होतच. पाठ पूर्ण टेकली की एकच खांदा लागला, कुस्ती हौद्यात झाली की कडेला, यांवरून दोन्ही बाजूंचे लोक आखाड्यात उतरत. ठरवून केलेल्या लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणत. तिचा नुसता संशय आला, तरी प्रेक्षक मैदान डोक्यावर घेत.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये यूरोपच्या प्रवासात रोमला गेले होते. तेथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृहावरून त्यांना कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान बांधण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. त्यांनी बांधविलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अखेरच्या रांगेतील माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसते. खासबागेतील प्रत्येक प्रेक्षक स्वतःला पंच समजतो, या गमतीच्या बोलण्यामागे ही रचनाही कारणीभूत असावी. उत्तर हिंदुस्थानातील मल्ल येथे आल्यावर चुरस प्रांताप्रांतांची होई. याच चुरशीचा एक टप्पा म्हणून श्रीपती खंचनाळे यांच्या १९५९ मधील विजयाचा उल्लेख करता येईल. बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा गावच्या आणि कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत तयार झालेल्या खंचनाळे यांनी त्या वर्षी दिल्ली येथे पंजाबच्या बंतासिंग यांना हरवून हिंदकेसरी किताब मिळविला.

प्रतिनिधिक स्पर्धेत पंचनिर्णयाचे मोल किती असते, हे खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. कराडजवळील गोळेश्वरचे जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या निवडीपूर्वी मद्रास येथील स्पर्धेत आपल्याला हेतुपुरस्सर एक गुण कमी देऊन डावलण्यात आले, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे नेली. त्यांच्या हस्तक्षेपामुळे जाधवांना निवडचाचणीत लढण्याची संधी मिळाली आणि ती त्यांनी जिंकली. प्रवासखर्चासाठी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकी येथे जपानच्या इशीई यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर जाधवांना लगेचच सोव्हिएट मल्ल मम्मदबेयोव यांच्याविरुद्ध उतरावे लागले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण त्याकडे लक्ष वेधण्यास भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी तेथे नव्हता. परिणामी त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. अन्यायाची तक्रार ऐकणारी यंत्रणा नसेल, तर उत्तम मल्लही निरुपाय होतो, हे या दोन्ही प्रसंगांवरून दिसते.

महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून सुरू झाली. तीत मल्ल जिल्ह्यांच्या व शहरांच्या संघांतर्फे उतरतात. माती व गादी अशा दोन विभागांतील विजेत्यांत अखेरची लढत होऊन चांदीची गदा दिली जाते. गुणपद्धतीमुळे पंचाचे काम फार सूक्ष्म झाले. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर लोटल्यास एक गुण, खाली आणून ताबा मिळविल्यास दोन, तर उभ्या स्थितीतून फेकून त्याची पाठ धोक्याच्या स्थितीत आणल्यास चार गुण मिळतात. दोन व चार यांतील भेद क्षणार्धात ठरवावा लागतो. २०२२ मध्ये सातारा येथे पन्हाळा तालुक्यातील देवठाणे गावचे पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांच्यावर ५–४ अशी मात केली आणि कोल्हापूरला एकवीस वर्षांनी गदा मिळाली. ती एका गुणाच्या फरकाने मिळाली, हे ध्यानात घेतले म्हणजे गुणफलकाकडे लोक इतक्या डोळ्यांत तेल घालून का पाहतात, हे कळते.

पुढील वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथे सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरील टांग या डावास दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद माजला. शेख हे कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचे मल्ल असल्याने येथील शौकिनांना तो निर्णय विशेष झोंबला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे शेख यांनी हा किताब जिंकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळ यांना चितपटीने विजयी घोषित केले. आपले खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत पाहावी, असा शिवराज राक्षे यांचा आग्रह होता. या वादात पंचांना लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. नंतर गदेची लढतही गायकवाड यांनी काही क्षण बाकी असताना सोडली. दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचाच्या अंगावर जाणे कोणत्याही परिस्थितीत असमर्थनीयच. तथापि फेरतपासणीची मागणी गैर होती, असे म्हणता येत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मल्लाच्या प्रशिक्षकास आव्हान देता येते. मग चित्रफीत पाहून निर्णय होतो. आव्हान फोल ठरल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो व पुन्हा आव्हान देण्याचा हक्क उरत नाही. त्यामुळे ऊठसूट तक्रारींना आळा बसतो. महाराष्ट्रात मात्र प्रश्न केवळ तंत्राचा नाही. कुस्ती संघटनांतील फुटीमुळे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुलगाव व धाराशिव येथे एकाच नावाच्या दोन स्पर्धा झाल्या. अशा वेळी पंच कोणत्या गटाचा, हाच प्रेक्षकांचा पहिला प्रश्न असतो. पंच तटस्थ जिल्ह्यांतील असावेत आणि त्यांची नावे लढतीपूर्वी जाहीर व्हावीत, एवढे केले तरी बराच संशय मावळेल.

पन्हाळा तालुक्यातील गावजत्रांच्या फडांत निकाली कुस्तीची आवड आजही टिकून आहे. वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या स्मरणार्थ मोठे मैदान भरते. तेथे हलगीच्या तालावर लढणाऱ्या जोडींपैकी एकाची पाठ लागली, की पंचाने हात वर करण्यापूर्वीच फेटे हवेत उडालेले असतात.