सपाट माथे उपग्रहातून ओळखताना

सातारा-सांगलीचे डोंगर उपग्रहचित्रांवरून नकाशात उतरवताना कड्यांपेक्षा सपाट माथे जास्त फसवतात, असे माझे ठाम मत आहे. कासचे पठार, पाचगणीचे टेबललँड आणि एखाद्या सोंडेवरची बसाल्टची पायरी उंचीच्या आकड्यांत सारखीच सपाट दिसतात. पहिली दोन जांभ्याची. पायरी मात्र लाव्ह्याचे थर कमी-अधिक झिजून उरलेली. उत्पत्ती निराळी, तर नकाशातला रंगही निराळा हवा.

उंचीची माहिती मुख्यतः दोन मार्गांनी मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने उंची मोजली. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ ने दोन कोनांतून २.५ मीटर तपशिलाची चित्रे घेतली. दोन्हींवरून सर्वांसाठी खुली झालेली आकडेवारी साधारण ३० मीटरच्या चौकटींची आहे. त्यात ३० मीटरचा उभा कडा एका चौकटीभर पसरून ४५ अंशांचा उतार होतो. चांदोली-कोयनेच्या दाट रानात तर जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांची उंची हाती येते.

मग रंगाकडे वळावे लागते. जांभ्यातले लोह निळा प्रकाश शोषते आणि लाल परावर्तित करते, म्हणून लाल-निळ्याचे गुणोत्तर उपयोगी ठरते. पण उघड्या सड्यावर दगडफुलाची काळपट पुटे असतात, सप्टेंबरात कास फुलांनी झाकलेले असते आणि उन्हाळ्यात वणव्याने जळालेले गवत काळ्या कातळासारखे दिसते. उलट माण-खटावकडचा तांबडा मुरूम जांभ्याचा भास करतो. तिथे उंची मदतीला येते: महाबळेश्वर-कासचा जांभा साधारण १,२०० ते १,४०० मीटरवर आहे, सांगलीकडचे सागरेश्वर, दंडोबा बरेच खाली.

उन्हाची दिशा हा फारसा विचारात न घेतला जाणारा दोष. अनेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात आणि हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. शंभू महादेवाची रांग सह्याद्रीपासून आग्नेयेकडेच जाते. किरणांना समांतर असलेल्या तिच्या धारा सावलीअभावी पुसट होतात. वर्धनगड-मच्छिंद्रगडाकडची दक्षिणेला उतरणारी शाखा तुलनेने उठून दिसते. अशा ठिकाणी उंचीच्या आकड्यांवर ईशान्येकडून कृत्रिम प्रकाश टाकून धारा पुन्हा आखाव्यात.

सर्वांत काळजीपूर्वक आखावी ती जांभ्याची कड. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते आणि कडेला झरे फुटतात. हे झरे चित्रात सापडत नाहीत. हिरव्या पट्ट्याचा माग काढत कडेने चालावे लागते.