अडीचशे ग्रॅमचे विमान

राजगड पायी पाहिलेल्या चार माणसांना गडाचा आकार विचारावा; चौघे चार तऱ्हा सांगतील. गुंजवण्याकडून चोरदरवाजाने चढलेल्याच्या डोळ्यांत पद्मावती माची भरलेली असते. पाली दरवाजाने आलेल्याला त्या रुंद पायऱ्यांचेच कौतुक. कुणी सुवेळेच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेला असतो, तर कुणी संजीवनीच्या दुहेरी तटात दमलेला असतो. सबंध गड एका दृष्टीत कुणालाच आलेला नसतो. आणि वरून घेतलेले छायाचित्र समोर ठेवले की सगळे गप्प होतात. मध्ये बालेकिल्ला आणि त्याला तीन बाजूंना फुटलेल्या तीन माच्या! छताला टांगलेल्या तीन पात्यांच्या पंख्यासारखा हा गड मुरुंबदेवाच्या डोंगरावर पसरलेला आहे. तो बांधणाऱ्यांनी कोणत्याही विमानात न बसता डोंगराचा हा आकार ओळखला, याचे मला फार नवल वाटते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत आमचा राजगड आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात तो याच गडावरून. तेव्हापासून भोर-वेल्ह्याकडची पोरे मला एकच प्रश्न विचारू लागली आहेत: "गुरुजी, पहिला ड्रोन कोणता घ्यावा? थोडक्यात बसेल असा?" माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकच्या पुस्तकापाशी थांबलेले, पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला कशाचीही चौकशी करायची खोड असते. या चौकशीत असे आढळले की प्रश्न नवा असला तरी हा हव्यास पुष्कळ जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात श्रीमंतांपेक्षा साध्या माणसांचीच गर्दी अधिक आहे.

सुरुवात मात्र पैसेवाल्यांनीच केली. १८५८ साली पॅरिसच्या नादार नावाच्या छायाचित्रकाराने बलूनमधून जमिनीचे चित्र टिपले. त्या काळी काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, म्हणजे टोपलीत काळोखी खोलीही संगतीला हवी. त्यात बलूनमधून सुटणाऱ्या वायूने त्याच्या काचा पुनःपुन्हा काळ्या पडल्या. त्याचे ते पहिले चित्र आज उरलेले नाही. उरलेल्यांत सर्वांत जुने चित्र आहे ते अमेरिकेतल्या बोस्टन शहराचे, १८६० सालचे. आता बलून काही शाळामास्तराच्या आवाक्यातली वस्तू नव्हे. म्हणून मला जवळचा वाटतो तो दक्षिण फ्रान्समधल्या लाब्रुग्येर नावाच्या लहानशा गावचा आर्थर बात्यू. या गृहस्थाने १८८८ साली चक्क पतंगाला कॅमेरा बांधला आणि आपले गाव वरून पाहिले. पतंग, दोर आणि पेटीचा कॅमेरा, एवढीच सामग्री. आपल्याकडे संक्रांतीला किती पतंग वर जातात! त्यांतल्या एखाद्याच्या शेपटीला डोळा बांधावा असे आपल्या पूर्वजांपैकी कुणाच्या मनात आले नसेल, असे मी मानत नाही; पण कॅमेऱ्याची किंमत तेव्हा पतंगाइतकी नव्हती.

पुढे १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा जॉर्ज लॉरेन्स याने सतरा पतंगांची माळ लावून सुमारे वीस-बावीस किलोचा कॅमेरा दोन हजार फूट चढवला आणि त्या पडक्या शहराचे चित्र घेतले. जर्मनीतल्या क्रोनबर्गचा न्यूब्रॉनर तर औषधे विकणारा. तो औषधांच्या ने-आणीला कबुतरे पाळी. त्याने कबुतराच्या छातीला बांधता येईल असा चिमुकला कॅमेरा केला आणि १९०७ साली पेटंट मागितले. पेटंटवाल्यांना ही गोष्ट अशक्य वाटली. मग त्याने कबुतरांनी काढलेली चित्रेच पुढे ठेवली! दुसऱ्या साली पेटंट मिळाले. जगातला पहिला हलका, स्वस्त, दाणे खाणारा ड्रोन हाच, असे मी वर्गात सांगतो आणि पोरे हसतात.

या गोष्टी निघाल्या की कुणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढतोच. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवले असे सांगतात. अभिमानाने ऊर भरून येईल अशी ही कथा खरी; पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही, आणि 'वैमानिक शास्त्र' या पोथीतली विमाने उडणे शक्य नाही असा निर्वाळा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दिला. मुलांना इतिहास शिकवणाऱ्याने हे दडवू नये.

ज्यांना पहिले खेळणे घ्यायचे आहे त्यांनी राइट बंधूंची गोष्ट जरूर ऐकावी. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी गावाहून येताना पोरांसाठी एक उडते खेळणे आणले. फ्रान्सच्या आल्फोंस पेनो याच्या नमुन्याचे ते खेळणे बूच, बांबू, कागद आणि पीळ दिलेले रबर यांचे केलेले होते. हातातून सोडले की छताला लागे. पोरांनी ते मोडेपर्यंत उडवले आणि मग स्वतः तसेच करायला लागले. मोठे केले तर उडेना! वस्तू दुप्पट केली म्हणजे दुप्पट उडते असे नाही, हा हिशेब त्यांना पहिल्यांदा तिथे भेटला. पंचवीस वर्षांनी त्यांनी खरे विमान उडवले.

मग चार पंख्यांचे यंत्र कुठून आले? तेही आजचे नव्हे. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी चार पंखे जोडून एक यंत्र जमिनीपासून उचलले. पण ते इतके डळमळे की चार कोपऱ्यांवर चार माणसे धरून उभी करावी लागली. १९२४ साली एमिशेन याने तशाच जातीच्या यंत्रातून एक किलोमीटरचा फेरा पुरा केला. तरीही ही कल्पना मागे पडली. चार पंख्यांपैकी दोन उजवीकडे आणि दोन डावीकडे फिरवले की यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. पुढे जायचे तर मागचे पंखे किंचित जोरात. हे सगळे सोपे आहे, पण डोलणारे यंत्र सावरण्यासाठी प्रत्येक पंख्याचा वेग क्षणाक्षणाला बदलावा लागतो आणि माणसाचा हात तेवढा चपळ नाही. तो चपळ हात भ्रमणध्वनीने दिला. फोन आडवा केला की चित्र आडवे होते ना? ज्या तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्याला हा कल कळतो, तोच तुकडा ड्रोनला सावरतो. फोन कोट्यवधींनी खपले, तुकडे स्वस्त झाले, आणि २०१० साली एका फ्रेंच कंपनीने फोनवर चालणारे चार पंख्यांचे खेळणे बाजारात आणले.

नावाची कथाही मजेची आहे. १९३५ च्या सुमारास इंग्रजांनी तोफांच्या नेमबाजीसाठी बिनमाणसाचे विमान केले, त्याचे नाव 'क्वीन बी', म्हणजे राणी माशी. तिच्यावरून अशा विमानांना ड्रोन, म्हणजे नर मधमाशी, हे नाव पडले असे मानतात. गुणगुण ऐकली की नाव पटते.

आपल्या मुलखातही ही विद्या काही पाहुणी म्हणून राहिलेली नाही. २००९ साली आलेल्या 'थ्री इडियट्स' चित्रपटातले ते उडते यंत्र पुरवले पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या 'आयडियाफोर्ज' कंपनीने. याच मंडळींनी पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेबरोबर 'नेत्र' नावाचे यंत्र घडवले, आणि २०१३ च्या उत्तराखंडच्या महापुरात माणसे शोधायला ते कामी आले. आणखी जवळचे उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीचे. गावठाणातल्या घरांना शेतासारखा सातबारा नसतो. भिंत कुणाची, बोळ कुणाचा, यावर भावाभावांत पिढ्या जातात. सोनोरीच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी करून नकाशा केला गेला, आणि २०२० सालापासून 'स्वामित्व' या नावाने ती रीत देशभर गेली. वरून पाहण्याच्या हौसेतून घरमालकाच्या हाती कागद पडला!

हे ऐकून माझ्याकडे आलेल्या नववीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याच्या खापरपणजोबांचे घर भाटघरच्या पाण्याखाली गेले. ते मोठे धरण १९२८ साली पुरे झाले, तेव्हा भोरला पंतसचिवांचे संस्थान होते. वैशाखात पाणी उतरले की वेळवंडी नदीच्या पात्रात कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि आसपासचे लोक दर्शनाला जातात. या मुलाला ते सारे वरून टिपायचे होते, कारण त्याच्या आजीचे गुडघे गेले आहेत आणि तिला आता तिथवर उतरवत नाही. करडू विकून त्याच्या हाती पाच हजार रुपये आले होते. बाप दूध घालणारा. तो म्हणाला, "गुरुजी, पैसा पाण्यात जायला नको, एवढंच बघा."

बापाचे म्हणणे अगदी खरे होते. पाच हजारांत 'चार हजार रेघांचे चित्र' आणि 'दोन किलोमीटर पल्ला' अशा जाहिराती दिसतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. या किमतीच्या यंत्राला उंची कळते ती हवेच्या दाबावरून. जागा कळणारे उपग्रहाचे यंत्र बहुधा नसतेच. म्हणजे वाऱ्याची झुळूक आली की ते निमूटपणे वाऱ्याबरोबर निघते. आमच्या खोऱ्यांत दुपारनंतर वारा कसा उठतो हे कुणाला सांगायला नको. पाण्यावर गेले की गेले.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१४ साली सरकारने सामान्य माणसाला ड्रोन उडवायची बंदीच केली होती; डिसेंबर २०१८ पासून वाट उघडली आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी ती पुष्कळ सुलभ झाली. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला त्यांत 'नॅनो' म्हणतात आणि ते चालवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. हौशी माणसाने पहिले यंत्र या वजनाच्या आतच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर हिरवा, पिवळा, तांबडा असे पट्टे आहेत, ते आधी पाहावेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. पण ही उंची पायाखालच्या जमिनीपासून मोजायची. गडाच्या कड्यावरून यंत्र दरीवर ढकलले की खालची जमीन एकदम हजार फूट दूर होते आणि तुम्ही नकळत नियम मोडता. शिवाय राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे. तिथे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय यंत्र काढूच नये. धरणाच्या भिंतीजवळही नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर सरकारने बंदी घातली, सुटे भाग मात्र येऊ दिले. चोरवाटेने आलेला स्वस्त माल घेऊ नये, यामागे सचोटी तर आहेच, पण व्यवहारही आहे: पाते मोडले तर दुसरे कोण देणार? सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा.

आणि शेजाऱ्यांचा विचार. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत रात्री ड्रोनच्या घिरट्या दिसल्याच्या बातम्यांनी माणसे धास्तावली, पोरे काठ्या घेऊन जागली. तेव्हा रात्री उडवायचे नाही, कुणाच्या परसावर न्यायचे नाही, आणि पहिल्या दिवशी पोलीसपाटलांच्या कानावर घालायचे.

शेवटी आम्ही तिघांनी मिळून ठरवले ते असे. पाच हजारांपैकी दोनच हजार खर्चायचे. कॅमेरा नसलेले, पात्यांभोवती कडे असलेले, तळहातावर मावणारे खेळणे. त्याबरोबर जादा पात्यांचे दोन जोड आणि दोन जादा बॅटऱ्या, कारण एक बॅटरी सात-आठ मिनिटांत संपते. बॅटरी फुगली की ती चुलीजवळच काय, घरातही ठेवायची नाही. उरलेले तीन हजार पोस्टात. मुलाचे तोंड एवढेसे झाले. कॅमेऱ्यावाचून काय उपयोग, असे त्याला वाटले, आणि मला ते समजत होते. पण ज्याला यंत्र एका जागी धरता येत नाही त्याचा कॅमेरा नुसते आभाळ आणि बांध दाखवतो.

आमच्याकडे शिकायला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. भात कापून झालेले असते, खाचरे मोकळी असतात आणि सकाळी नऊपर्यंत पान हालत नाही. आधी कमरेएवढ्या उंचीवर एका जागी धरायचे, मग यंत्राचे तोंड आपल्याकडे करून. इथे डावे-उजवे उलटते आणि भल्याभल्यांची फजिती होते. घार घिरट्या घालू लागली की खाली उतरायचे. तिला आपल्या हद्दीतले पाखरू खपत नाही.

गेल्या वर्षीच्या त्या मोसमात त्याने पात्यांचा एक जोड बांधावर आणि दुसरा म्हशीच्या गोठ्यात मोडला. कोणते पाते कोणत्या बाजूला फिरते हे आता तो न पाहता सांगतो. पोस्टातल्या तीन हजारांत बापाने दुधाच्या पैशांतून भर घातली आहे. वैशाखात देऊळ उघडे पडले तेव्हा तो काठावर बसून नुसती नोंद करत होता: वारा किती वाजता उठतो, कळसावर तार कुठून जाते, उतरायला कोरडी जागा कोणती. ती वही त्याने आजीला वाचून दाखवली. तिने वहीत नसलेली दोन घरे कुठे होती, म्हणून सासऱ्यांकडून ऐकले होते, ते त्याला सांगितले, आणि त्याने ती नकाशावर पेन्सिलीने काढून ठेवली आहेत.