अग्निशमन केंद्राचा खर्च मोजायचा तरी कुठपर्यंत?

समजा, भिवंडीत कामतघरला नवं अग्निशमन केंद्र बांधायचंय. खर्च किती येईल? तुम्ही म्हणाल, क्षेत्रफळ गुणिले दर. अभियंताही तिथूनच सुरुवात करतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उघडायची, खोदाईपासून रंगकामापर्यंत एकेक बाब मोजायची आणि अंदाजपत्रक मान्यतेला पाठवायचं. 1854 मध्ये, डलहौसीच्या काळात, बांधकाम खातं उभं राहिलं; ही वहिवाट त्याच परंपरेतली. माझ्या संशोधनाचा प्रश्न मात्र यापुढचा आहे: इमारत एकदा बांधून होते, पण आग विझवण्याची सेवा रोज चालवावी लागते. तिचा खर्च या कागदात कुठे दिसतो?

आधी केंद्रं किती हवीत ते पाहू. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा शहरी निकष आहे दर 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र. एवढ्या वर्तुळाची त्रिज्या भरते सुमारे 1.8 किलोमीटर. म्हणजे बंबाला पाच मिनिटांत पोचायचं तर ताशी 21-22 किलोमीटरचा वेग हवा. अंजूरफाट्यावर कंटेनरच्या रांगेत कधी अडकला असाल, तर हा आकडा किती आशावादी आहे ते तुम्हाला सांगायला नको.

आता माणसं. एका बंबावर सहा जण धरा. तीन पाळ्यांचे झाले 18. साप्ताहिक सुट्टी धरली की 21. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वेगळंच. हे पगार बांधकामाच्या अंदाजपत्रकात येत नाहीत, ते महसुली खर्चात जातात. म्हणून इमारतीला निधी मिळतो आणि भरती मागे राहू शकते. केंद्राच्या 2023 च्या 5,000 कोटींच्या योजनेचा भरही विस्तार आणि आधुनिकीकरणावरच आहे.

हा भार कोणी उचलायचा, हा वाद जुना आहे. लंडनमध्ये 1865 च्या कायद्यानं तो तिघांत वाटला: स्थानिक कर, सरकारी अनुदान आणि विमा कंपन्या. ज्यांचा माल वाचतो त्यांनीही वाटा द्यावा, हा त्यामागचा विचार. मुंबईत आधी हे काम पोलिसांकडे होतं, 1887 मध्ये ते नगरपालिकेकडे आलं. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत घातली.

इथेच भिवंडीची खरी अडचण कळते. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 7,09,665 होती आणि महापालिकेचं क्षेत्र सुमारे 26 चौरस किलोमीटर. या हिशेबानं तीन केंद्रं पुरतात. पण राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर, माणकोली इथली गोदामं हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींत आहेत. तिथे रात्री माणसं थोडी आणि जळाऊ माल प्रचंड. लोकसंख्येच्या निकषात ती गोदामं जवळजवळ दिसतच नाहीत. आग लागली की मात्र फोन शहरातल्या बंबालाच जातो, आणि तेवढा वेळ यंत्रमागांच्या दाट वस्त्यांच्या वाट्याचा एक बंब कमी होतो.

म्हणून कामतघरच्या केंद्राचं अंदाजपत्रक कधी तुमच्यासमोर आलं, तर शेवटच्या बेरजेआधी तीन गोष्टी शोधा: किती माणसांचा, किती वर्षांचा पगार धरलाय, हद्दीबाहेरच्या फेऱ्या कोणाच्या खात्यावर टाकल्यात, आणि गोदाममालकांचा वाटा किती. यांची उत्तरं नसतील, तर त्या कागदावर बंब उभा करायच्या जागेची किंमत असेल, आग विझवण्याची नाही.